लॅमिनेशन केलेला बोर्डिंग पास

मी एक बोर्डिंग पास बोलतोय. तुम्ही मला ओळखणार नाही, कारण माझं तोंड काळं झालेलं आहे. वाईट वाटून घेऊ नका, हे मी शब्दशः सांगतोय. वरून प्लॅस्टिक, कडा छान गोल कापलेल्या, आणि आत काळाकुट्ट कागद. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एक्स-रेचा तुकडा जपून ठेवलाय. पण एके काळी माझ्यावर नाव होतं, विमानाचा नंबर होता, चौदा सी हा आसनाचा नंबर होता आणि कोपऱ्यात ठिपक्यांची ती चौकोनी नक्षी होती, जी दाखवली की काचेची दारं आपोआप उघडायची. तेव्हा मी तोऱ्यात असायचो. खरं तर आमच्या जातीला तोरा शोभत नाही. आमचं आयुष्य ते केवढं? काउंटरपासून विमानाच्या दारापर्यंत. नंतर आम्ही पुढच्या सीटच्या खिशात नाहीतर कचऱ्याच्या डब्यात.

मुंबईच्या विमानतळावर एका यंत्राच्या पोटातून मी गरमागरम बाहेर पडलो. आमच्यावर शाई नसते, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. यंत्र कागदाला नेमका चटका देतं आणि चटक्याच्या जागी अक्षर उमटतं. म्हणजे मी जन्मापासूनच भाजलेला. हे लक्षात ठेवा, पुढे माझ्यावर जे ओढवलं ते यातूनच.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते विनीने. वसईच्या होळी गावातली मुलगी, वय सव्वीस, तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स. ती कोचीला निघाली होती, परीक्षेला. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलाने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं, पण अट अशी की डिसेंबरच्या आत ही प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायची. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. दोन वर्षं रात्रपाळ्या करून तिने त्यासाठी अभ्यास केला होता. सामान म्हणजे पाठीवरची एक बॅग. मला तिने पासपोर्टच्या पानांत नीट ठेवलं, आणि दर पाच मिनिटांनी काढून बघत होती. माणसं अशीच असतात. पाठ झालेला आसनाचा नंबरही पुन्हा पुन्हा वाचतात.

विमान दुपारी दोनचं. मग चारचं झालं, मग सहाचं. गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं बोर्डाकडे असं बघत होती की जणू बघून बघून आकडा बदलेल. पावणेसातला एक मुलगा माइकवर येऊन गडबडीत काहीतरी बोलला आणि विमान रद्द झालं. कारण विचारलं तर तांत्रिक. पुढचं विमान विचारलं तर उद्या संध्याकाळी. विनीने घरी फोन लावला, आणि तिच्या वडिलांनी, हिलरींनी, एका शब्दात निकाल लावला, दुसरं तिकीट काढ म्हणून. पदरचे पैसे घालून तिने दुसऱ्या कंपनीचं सकाळचं विमान पकडलं, कोचीला उतरल्यावर टॅक्सी केली आणि साडेअकराला परीक्षेच्या दारात पोहोचली. दार नऊला बंद झालं होतं.

तिथल्या ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी विनीला पाणी दिलं आणि नियम सांगितला. विमान रद्द झालं होतं आणि तुम्ही त्या विमानासाठी हजर होता, असं विमान कंपनीचं पत्र पंधरा दिवसांत आणा, पुढच्या महिन्यात नवी तारीख देतो. पत्र नसेल तर गैरहजर. आणि गैरहजर म्हणजे पुढची परीक्षा एप्रिलमध्ये. एप्रिलपर्यंत आयर्लंडचं पत्र थोडंच थांबणार होतं?

विनीला वाटलं, पत्र काय, मागितलं की मिळेल. वसईला परत येऊन तिने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आमच्या सिस्टीमप्रमाणे तुम्ही त्या दिवशी विमानतळावर आलाच नाहीत. तुमच्या नावापुढे 'प्रवासी आला नाही' अशी नोंद आहे. त्यामुळे तिकिटाचे पैसे नाहीत, खर्च नाही, नुकसानभरपाई नाही आणि पत्रही नाही. विनी म्हणाली, मी तिथे पाच तास बसले होते. तर उत्तर आलं, "सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये, मॅम." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिकीट नाक्यावरच्या एजंटकडून काढलेलं, म्हणून कंपनीचे सगळे मेसेज एजंटच्या नंबरवर, आणि तो म्हणे जुने मेसेज ठेवत नाही. मोठी बॅग दिलेली नाही, म्हणून बॅगेची चिठ्ठी नाही. विनी त्या दिवशी विमानतळावर होती याचा धडधडीत साक्षीदार या जगात एकच उरला, आणि तो मी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कचऱ्यात जायचा तो एकदम साक्षीदार झालो.

या घराला मदतीला आला सुमेध. हिलरींच्या वाडीला लागून ज्या नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एका फ्लॅटमध्ये तो राहतो. मूळचा कुडाळचा, नोकरीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा विमानाने फिरणारा. विनीची आई आग्नेस रोज सकाळी वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसायची, आणि सुमेधच्या घरची भाजी तिच्याकडूनच जायची, एवढीच ओळख. पण शनिवारी संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओटीवर बसला आणि रीतसर तक्रार लिहून काढली. आधी कंपनीकडे, तिथे दाद नाही लागली तर सरकारच्या पोर्टलवर. तिकिटाचे पैसे, दुसऱ्या तिकिटाचा खर्च, टॅक्सी, नियमाप्रमाणे भरपाई, आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, हजर असल्याचं पत्र. विमानवाले काही उपकार करत नाहीत, हे आपलं येणं आहे, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने मला हातात घेतलं. माझ्यावर सुरक्षेचा गोल शिक्काही होता, तो त्याने बोट ठेवून हिलरींना दाखवला.

"अंकल, हा पास म्हणजे तुमचं सोनं आहे. ओरिजिनल लागणार. सोमवारी मी ऑफिसात स्कॅन करतो, तोपर्यंत जिवापाड जपा."

जिवापाड जपा. हे वाक्य त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मी आज गोरागोमटा असतो.

हिलरी साठीचे. केळी, अळू, वांगी आणि सोनचाफ्याची आठ झाडं, असा त्यांचा संसार. त्यांच्या वडिलांच्या काळात पेटीतले जमिनीचे कागद वाळवीने खाल्ले आणि त्यापायी वाडीचा एक तुकडा हातचा गेला. तेव्हापासून त्यांनी एकच धडा घेतला होता. महत्त्वाचा कागद आला की लॅमिनेशन. सातबारा, मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले, विजेच्या मीटरची पावती, फार काय, पंपाची गॅरंटी संपली तरी तिचं कार्ड प्लॅस्टिकात झळकत होतं. वसईच्या दमट हवेत कागद टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. रविवारी विनी ड्युटीवर होती. चर्चमधली मिस्सा संपल्यावर हिलरींनी मला आणि कोचीच्या टॅक्सीच्या बिलाला खिशात घातलं आणि बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदार फोनवर बोलत होता. त्याने बघितलंही नाही, सरकवलं आम्हाला प्लॅस्टिकात, आणि प्लॅस्टिक यंत्रात.

मी मघाशी म्हणालो ना, चटका बसला की आमच्यावर अक्षर उमटतं? तिथे सगळ्या अंगालाच चटका बसला. एका टोकाने पांढरा आत गेलो आणि दुसऱ्या टोकाने काळा बाहेर आलो. नाव, नंबर, नक्षी, शिक्का, सगळं गेलं. माझ्या पाठोपाठ टॅक्सीचं बिलही तसंच. हिलरी काउंटरला धरून उभे राहिले. दुकानदाराने फोन कानाचा काढून सांगितलं, हा कागद लॅमिनेशनचा नसतो काका. आता सांगतोय.

घरी येऊन ते आल्तारापाशी, म्हणजे घरातल्या देवाच्या जागेपाशी गेले. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे त्यांनी मला सरकवलं आणि हात धुऊन वाडीत निघून गेले.

पुढचे चार दिवस मी त्या तसबिरीमागून जे ऐकलं ते मला विसरता येणार नाही. सोमवारी सकाळी विनीने पासपोर्ट उघडला आणि मी नाही. तिने कपाट उपसलं, बॅग उलटी केली, हॉस्पिटलातला लॉकर बघितला. हिलरी तिच्याबरोबर शोधत होते. खरं सांगतोय, त्यांनी तिच्याबरोबर कॉट सरकवली, गाद्या झटकल्या, ओणवे होऊन कपाटाखाली टॉर्च मारला. आणि मी त्यांच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर. विनी स्वतःलाच दोष देत होती, मीच वेंधळी, मीच कुठेतरी टाकला. ते ऐकून हिलरी पुन्हा कपाटाखाली वाकायचे. सुमेधने पासशिवाय नुसती तक्रार पाठवून दिली. बुधवारी कंपनीचं उत्तर आलं, मूळ बोर्डिंग पास घेऊन अमुक ठिकाणी भेटा, नाहीतर तक्रार बंद करण्यात येईल. पंधरातले अकरा दिवस संपले होते.

गुरुवारी संध्याकाळी रोझरीची प्रार्थना चालू होती. माळ अर्ध्यावर आली असेल नसेल, आणि विनी मध्येच म्हणाली की जाऊ दे, मी पुढच्या वर्षी बसेन, आता शोधू नका. तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच कसंतरी झालं. हिलरी उठले, तसबिरीमागे हात घातला आणि मला तिच्या पुढ्यात ठेवलं. त्यांच्या घरची बोली मला अजून नीट येत नाही, चुकलं तर समजून घ्या, पण ते बोलले ते असं.

"मी जपायला गेलतो, विनी. जळला. लाज वाटली म्हनून लपवला." मग म्हणाले, "ते पहिल्या दिवशी. तिसऱ्या दिवशी वाटलं, राहू दे लपलेला. नाय मिलाला तर पोरगी हितंच राहील."

माझ्या मते या घरात त्या आठवड्यात बोललेलं सर्वांत खरं वाक्य तेच होतं, आणि ते बोलायला त्या माणसाला चार दिवस लागले. विनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, हे मला आधी सांगायचं ना. पासचं नाही. दुसरं."

आग्नेस मात्र भडकली. बाजारात बसणारी बाई ती, तिचा राग रोकडा. तिने नवऱ्याला बरंच सुनावलं, आणि सुनावता सुनावता मला उचलून उलटं केलं. ती तिची सवयच. केळीची फणी असो, वांगं असो की गिऱ्हाईकाने दिलेली नोट, उलटून बघितल्याशिवाय बाई खाली ठेवत नाही.

"हे काय लिव्हलंय?" तिने विचारलं.

आता मला कबुली द्यायला हवी. ही गोष्ट मी तुम्हाला मघाशी सांगितली नाही, कारण माझ्याच लेखी तिला काडीची किंमत नव्हती. आमची पुढची बाजू तेवढी चटक्याने काळी होते, पाठीला काही होत नाही. आणि माझ्या पाठीवर पेनाने काहीतरी खरडलेलं होतं. झालं असं होतं की त्या दिवशी विमान लांबलं तेव्हा पाच वाजता कंपनीने गेटवर सगळ्यांना उपम्याचा डबा वाटला. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून वाटणारी मुलगी प्रत्येकाच्या पासच्या मागे लिहीत होती. विमानाचा नंबर, तारीख, आसन चौदा सी, 'डबा दिला', वेळ पाच दहा, सही, आणि वर कंपनीचा निळा शिक्का. मला तेव्हा राग आला होता. एवढी माझी सुंदर नक्षी, आणि पाठीवर उपम्याचा हिशोब! विनीच्याही ते ध्यानात राहिलं नव्हतं.

विनीने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ती हसायला लागली. रडता रडताच. सुमेधला फोन गेला, आणि तोही पलीकडे हसतोय हे मला इथे ऐकू येत होतं.

शुक्रवारी सकाळी विनी अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेली, आणि हिलरी तिच्याबरोबर गेले. विनी नको म्हणत होती, पण त्यांनी लग्नासमारंभाला घालायचा शर्ट घातला आणि मला वरच्या खिशात ठेवलं. टेबलापलीकडे चाळिशीच्या एक मॅडम होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि तेच सांगितलं, नोंदीप्रमाणे या आल्याच नाहीत. माझी काळी बाजू बघून म्हणाल्या, यावर तर काहीच दिसत नाही. विनी समजावून सांगायला लागली, पण मॅडमची नजर पुन्हा कॉम्प्युटरकडे गेली होती. तेव्हा हिलरींनी मला उलटं केलं.

"मॅडम, मी वाडीवाला मानूस, मला सिस्टीम कलत नाय. पन एक सांगा. पोरगी आलीच नव्हती, तर तुमचा उपमा कोनी खाल्ला?"

मॅडमनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग ओठांचा कोपरा हलला. शिक्का आमचाच आहे, त्या म्हणाल्या. त्यांनी विमानतळावर फोन लावला, मग दुसरा लावला. वीस मिनिटं गेली. हिलरी खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. शेवटी मॅडमनी फोन ठेवला आणि सांगितलं की त्या संध्याकाळी गोंधळात कुणीतरी यादी बंद करताना एकवीस जणांना चुकून 'आले नाहीत' करून टाकलं होतं. एकवीस! विनी एकटी नव्हती. बाकीचे वीस बहुतेक नशिबाला दोष देऊन घरी बसले असतील.

पत्र त्याच दिवशी मिळालं. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी. बाहेर आल्यावर विनी फुटपाथवर उभी राहून ते तीनदा वाचत होती. हिलरींनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, आता ह्याचं लॅमिनेशन करायचं नाय. दोघं इतकी हसली की रिक्षावाले वळून बघायला लागले. मी आजवर मनुष्यप्राणी खूप जवळून बघितला, पण जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. खिशातून मला हिलरींची छाती लागत होती. सकाळी ती धडधडत होती, परतताना अगदी निवांत.

कोचीने नवी तारीख दिली, विनी पास झाली. महिन्याभराने तिकिटाचे पैसे आले, दुसऱ्या तिकिटाचे आले, नियमाची भरपाई आली. टॅक्सीचं बिल तेवढं बुडालं. बिचाऱ्याच्या पाठीवर कुणी काही लिहिलंच नव्हतं.

आता माझं म्हाताऱ्याचं थोडं ऐका. विमान रद्द झालं, लांबलं, तर मुकाट घरी जाऊ नका. विचारा, लेखी मागा, खर्चाची चिटोरी ठेवा, त्यांचा लगेच फोटो काढा. समोरचा 'सिस्टीममध्ये नाही' म्हणाला तर सिस्टीममध्ये चुका करणारीही माणसंच असतात, याची त्याला आठवण करून द्या. आणि तुम्हाला तुमच्या त्या प्लॅस्टिकची शपथ आहे, आम्हाला गरम यंत्रात घालू नका. मला हिलरींचा राग नाही. इतक्या प्रेमाने कुणी माझं तोंड काळं केलं नसतं.

हल्ली मी सातबाराच्या शेजारी राहतो. माझी पाठही पिवळी पडत चाललीय, निळा शिक्का फिका झालाय. मला त्याचं दुःख नाही, माझं काम झालं. पण परवा हिलरींनी मला पुन्हा खिशात घातलं आणि आम्ही विमानतळावर गेलो. विनी आयर्लंडला निघाली होती. काचेपलीकडे जाताना ती तीनदा वळली. मग दिसेनाशी झाली. हिलरी आणि आग्नेस बाहेरच्या बोर्डापाशी उभी राहिली, विनीच्या विमानापुढे 'वेळेवर' असं लिहिलेलं होतं. बराच वेळ दोघं तिकडे बघत होती.

"आज थोडा उशीर झाला असता तरी चाललं असतं," हिलरी म्हणाले.

"उशीर नको," आग्नेस म्हणाली. "नाय तर परत उपमा खायला लागंल तिला."

ती हसली, पण तिने त्यांचा हात धरून ठेवला होता. विमान वेळेवर सुटलं. आम्ही तिघं वसईला परत आलो.